आजाऱ्याच्या औषधाचा खर्च कोणीं सोसला?

ह्या महोत्सवी पुस्तकांत आमच्या देवळाच्या पायाचा, घंटेचा, शाळेचा आणि येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतर लेखकांनीं सविस्तर दिलेला वाचकांस आढळेल. आमच्याकडे जो विषय सोंपविण्यांत आला आहे तो तितका शोभिवंत नाहीं. घरांतलें माणूस आजारी पडलें, डॉक्टरांनीं औषध लिहून दिलें, आणि तें आणावयास गांठीं पैसा नाहीं, अशा वेळीं लोकांनीं कोणाचें दार ठोठावलें आणि तें कोणीं उघडलें, एवढाच तो विषय आहे. देवळास लागलेल्या दगडांचा हिशेब वहींत सांपडतो. औषधासाठीं गहाण पडलेल्या दागिन्यांचा हिशेब कोणत्याच वहींत सांपडत नाहीं. म्हणून हा इतिहास आम्हांस थोड्या दूरच्या ठिकाणाहून, म्हणजे लिस्बन शहरापासून, आरंभ करून सांगावा लागत आहे.

पोर्तुगालची राणी लिओनोर ही राजा दुसरा जुआंव याची विधवा. इ. स. १४९८ सालीं तिचा भाऊ राजा मानुएल हा कास्तील देशीं गेला असतां राज्याचा कारभार ती पाहत होती. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत वास्को द गामा कालिकतास येऊन पोंचला होता, परंतु ती वार्ता लिस्बनास कळावयास अद्याप वर्षाचा अवधि होता. ऑगस्ट महिन्यांत लिस्बनच्या मुख्य देवळाच्या एका चॅपलांत राणीच्या आश्रयाखालीं एक बंधुमंडळ स्थापन झालें. त्याचें नांव मिझेरिकॉर्दिया, म्हणजे दया. आपण सर्वांनीं लहानपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत जीं चौदा दयाकृत्यें पाठ केलीं, सात आत्म्यासंबंधींचीं आणि सात शरीरासंबंधींचीं, तींच ह्या मंडळाच्या नियमावलींत लिहिलेलीं आहेत. भुकेल्यास अन्न द्यावें, नागव्यास वस्त्र द्यावें, बंदिवानास सोडवावें, आजाऱ्यास भेटावें, मेलेल्यास मूठमाती द्यावी. आम्ही जें पाठ म्हणून दाखविलें तें त्यांनीं कामाची वांटणी म्हणून हातीं घेतलें. मंडळांत आरंभीं शंभर बंधु होते. त्यांपैकीं निम्मे खानदानी आणि निम्मे हातांनीं काम करून पोट भरणारे कारागीर.

ह्या मंडळाच्या कागदपत्रांत एक शब्द वारंवार येतो, तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा अशी आमची विनंति आहे. रस्त्यावर हात पसरून बसणारे गरीब वेगळे आणि 'लाजरे गरीब' वेगळे, असा भेद ते करीत. ज्या कुटुंबानें कधीं बरे दिवस पाहिले, ज्याचें दार बाहेरून अजून नीटनेटकें दिसतें, पण ज्याच्या चुलीवर कांहीं नाहीं आणि ज्याचा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला आहे, असें कुटुंब कोणाकडेहि मागावयास जात नाहीं. म्हणून मंडळाच्या बंधूंनीं स्वतः गुपचूप चौकशी करावी, शेजाऱ्यापाजाऱ्यांस कळूं न देतां साहाय्य घरीं पोंचवावें, आणि आजार असेल तर वैद्याची व औषधाची तजवीज करावी, अशी त्यांची रीत होती. पांच शतकें लोटलीं. हा लाजरा गरीब आपल्या आळींतून अद्याप गेलेला नाहीं, हें पुढें दिसून येईल.

पोर्तुगीज गलबतें जेथें जेथें गेलीं तेथें तेथें ह्या दयेचें घर उभें राहिलें. गोव्यांत तें सोळाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतच आलें. पुढें चौलास आणि आपल्या वसईच्या किल्ल्यांतहि तें होतें. आज किल्ल्यांत फिरावयास जाणारा माणूस पडक्या भिंती, त्यांवर चढलेल्या वेली आणि आंत उगवलेली झाडें पाहून परततो. त्या भिंतींत एके काळीं आजाऱ्यांच्या खर्चाचा हिशेब होत असे, ही गोष्ट त्यास कोणी सांगत नाहीं. मंडळाचा पैसा मुख्यतः दोन मार्गांनीं येई: एक भिक्षाफेरी व देवळांतील दानपेटी, आणि दुसरा मृत्युपत्रांतून ठेवलेल्या देणग्या. परदेशीं मेलेल्या माणसाची मालमत्ता पोर्तुगालांतील त्याच्या वारसांपर्यंत पोंचविण्याचें कामहि लोक ह्याच मंडळावर सोंपवीत, यावरून त्याच्या सचोटीवर लोकांची किती भिस्त होती हें कळतें.

तथापि इतिहास लिहावयाचा म्हणजे दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. गोव्याचें राजाचें इस्पितळ जगांत नांवाजलेलें होतें. पिरार द लाव्हाल नांवाचा फ्रेंच प्रवासी १६०८ सालीं तेथें आजारी स्थितींत दाखल झाला. तेथील स्वच्छता, जेवण आणि शुश्रूषा यांचें त्यानें जें वर्णन केलें आहे तें वाचून आजच्या रोग्यासहि हेवा वाटावा. त्या काळीं तें येझूसंघाच्या देखरेखीखालीं चालत असे. परंतु तें पोर्तुगीज शिपायांकरितां होतें. येथल्या मातींत जन्मलेल्या ख्रिस्ती रोग्यासाठीं सेंट पॉलच्या कॉलेजाजवळ निराळें इस्पितळ होतें. दयेच्या बंधुमंडळांतहि आमच्या पूर्वजांस बरोबरीचें आसन नव्हतें. ते दया घेणारांच्या रांगेंत होते, दया वांटणारांच्या नव्हते. त्यांचें रोजचें औषध वाडीच्या कुंपणावरच वाढत होतें, आणि त्याचा गुण परक्यांनींहि मान्य केला. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत येथील झाडपाल्याची माहिती लिहून ठेवली आहे, आणि मुंबईचें बेट कांहीं काळ ह्याच वैद्याकडे खंडानें होतें.

१७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. पोर्तुगीजांबरोबर किल्ल्यांतलें दयेचें घरहि गेलें. त्यानंतरचीं शंभर वर्षें आम्ही ओलांडून जातों, कारण त्या काळांत गरिबाच्या औषधाचा आधार म्हणजे गांवचा वैद्य, घरची म्हातारी आणि सावकार, यांखेरीज सांगण्याजोगें फारसें नाहीं.

मुंबईंत १८४५ सालीं सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नांवाचें इस्पितळ उघडलें, तेव्हां ह्या प्रांतांत नवें युग सुरू झालें असें म्हणावयास हरकत नाहीं. ह्या पारशी गृहस्थानें मोठी देणगी दिली, सरकारनेंहि आपला वांटा घातला, आणि जात, धर्म न विचारतां गरीब रोग्यास खाट व औषध मिळूं लागलें. १८८६ सालीं कामा इस्पितळ स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं निघालें. १९२६ सालीं परळास के. ई. एम. आलें, आणि १९४१ सालीं त्याच्या शेजारींच टाटांच्या विश्वस्तनिधींतून कर्करोगाचें इस्पितळ उभें राहिलें. वसईकडचीं भाजीचीं व फुलांचीं ओझीं ज्या गाडीनें मुंबईस जात त्याच गाडीनें आमचे आजारीहि जात. परळास जाणें हा शब्दप्रयोग कित्येक घरांत अजून हलक्या आवाजांतच उच्चारला जातो.

येथें एक लहानशी गोष्ट नमूद करणें अवश्य आहे, कारण ती मोठ्या इतिहासांतून निसटून जाते. जे. जे. इस्पितळांत १९४६ सालीं वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. आपल्या देशांतील ही अशा प्रकारची पहिलीच नेमणूक असें सांगतात. त्याच्या दहा वर्षें आधीं, १९३६ सालीं, मुंबईंत सर दोराबजी टाटा यांच्या नांवें समाजकार्याची शाळा निघाली होती. हा माणूस नाडी पाहत नाहीं, सुई टोंचीत नाहीं. रोग्याच्या घरीं कमावणारा कोण, औषधाला पैसा कोठून येणार, कोणत्या निधीस अर्ज करावयाचा, ह्याची तो विचारपूस करतो. लिस्बनच्या बंधूंचें गुपचूप चौकशीचें काम आतां पगारी माणसाकडे आलें, इतकाच आमच्या मतें ह्यांत फरक आहे. आज प्रत्येक मोठ्या इस्पितळांत ह्याची खोली असते, आणि ती शोधून काढणें हें बहुधा अर्धें औषध असतें.

देवळाच्या आवारांतलें काम ह्या सर्वांपेक्षां लहान, पण अखंड. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे सोबती यांनीं १८३३ सालीं पॅरिस शहरांत जी मंडळी काढली तिलाच आपण सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणतों. गरिबांच्या घरीं कसें जावें, काय बोलावें आणि काय बोलूं नये, हें ह्या मुलांस सिस्टर रोझाली हिनें शिकविलें. ती आरंभीं त्यांच्याकडे घरांची यादी व भाकरीच्या चिठ्ठ्या देई. दोघांनीं मिळून जावें, बसून बोलावें, मग चिठ्ठी ठेवावी, अशी रीत पडली. भाकरीच्या चिठ्ठीच्या जागीं कित्येक धर्मग्रामांत आज औषधाच्या दुकानाची चिठ्ठी आहे: दुकानदारानें औषध द्यावें, बिल सोसायटीकडे पाठवावें. सभेच्या अखेरीस जी गुप्त पिशवी फिरते तींत कोणीं किती टाकलें हें कोणासच कळत नाहीं. ह्या गुप्त पिशवीनें आपल्याकडे किती मधुमेही म्हाताऱ्यांची सुई चालविली असेल ह्याचा आंकडा देतां आला असता तर आम्हांस आवडलें असतें. पण ती पिशवी गुप्त आहे ह्यांतच तिची शोभा आहे.

१९१८ साल वसईच्या ख्रिस्ती लोकांस दोन कारणांसाठीं आठवावें. त्या वर्षाच्या जून महिन्यांत मुंबईंत इन्फ्लुएन्झाची सांथ शिरली आणि तिनें पुढें सारा प्रांत होरपळून काढला. त्याच वर्षाच्या आरंभीं मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं सावकाराच्या पाशांतून आपल्या लोकांस सोडविण्यासाठीं ती सहकारी पतपेढी काढली होती, जी आज बॅसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. लग्न, बी-बियाणें आणि आजारपण, ह्या तीन पायऱ्यांनीं माणूस सावकाराच्या ओटीवर चढत असे. पतपेढीनें तिसरी पायरी नाहींशी केली नाहीं. ती चढतांना पडलेला माणूस वाडीला मुकूं नये एवढें मात्र पाहिलें. कर्ज हें साहाय्य नव्हे असें कोणी म्हणतील. ज्याच्या आजोबानें शेंकडा व्याजाचा दर ऐकून औषध न घेतांच परतणें पत्करलें असेल तो तसें म्हणणार नाहीं.

इतका वेळ आम्ही जें सांगितलें तें सर्व दान, किंवा फार तर उसनवारी. दान देणारा नाहीं म्हणूं शकतो, आणि घेणाऱ्यास त्यावर बोलतां येत नाहीं. दुसरी कल्पना वर्गणीची. जर्मनींत १८८३ सालीं बिस्मार्कच्या सरकारनें कायदा केला कीं आजारपणाच्या निधीसाठीं मजुरानें दोन वांटे व मालकानें एक वांटा भरावा, आणि मजूर आजारी पडला कीं त्यास औषध व कांहीं पगार हक्कानें मिळावा. आपल्या देशांत १९४४ सालीं प्रोफेसर अडारकर यांनीं अशा विम्याची योजना सरकारास सादर केली. १९४६ सालीं सर जोसेफ भोर यांच्या समितीनें आपल्या अहवालांत तत्त्वच घालून दिलें कीं पैसे देतां येत नाहींत एवढ्या कारणानें कोणासहि उपचार नाकारले जाऊं नयेत. १९४८ सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपुरास व दिल्लीस त्याचा प्रत्यक्ष आरंभ झाला. ई. एस. आय. चें कार्ड ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं हें जाणून असावें कीं त्या इस्पितळांतलें औषध हें कोणाची मेहेरबानी नाहीं. तें आपल्याच पगारांतून कापून घेतलेल्या पैशाचें व मालकाच्या वांट्याचें आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वांटा पगाराच्या पाऊण टक्का व मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. मात्र वाडीवाला, कोळी, घरकाम करणारी बाई, आठवडी बाजारांत बसणारी म्हातारी, ह्यांना मालकच नाहीं किंवा असला तरी त्याची नोंद नाहीं. म्हणून हा दरवाजा त्यांस बंद राहिला.

औषधाच्या किंमतीचा इतिहास आणखी निराळा आहे, आणि त्यांतला एक अध्याय पुण्याशेजारीं पिंपरीस घडला. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन हें नांव घरोघरीं झालें, पण औषध परदेशांतून येई. संयुक्त राष्ट्रांच्या आरोग्य व बालक संघटनांच्या मदतीनें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला व पुढल्या वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. १९७० सालीं पेटंटचा नवा कायदा झाला. औषधाच्या द्रव्यावर मक्ता मिळणार नाहीं, तें करण्याच्या रीतीवर मात्र मिळेल, असें त्यांत ठरलें. म्हणून दुसऱ्या रीतीनें तेंच औषध करणारे देशी कारखाने उभे राहिले व किंमती उतरल्या. ह्याचा सर्वांत मोठा परिणाम सबंध जगानें २००१ सालीं पाहिला. एड्सच्या रोग्यास जगविणाऱ्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हां पाश्चात्य देशांत दहा हजार डॉलरच्या वर होता. मुंबईच्या सिप्ला कंपनीनें त्या वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यांत तो मिश्र औषधोपचार एका सेवाभावी डॉक्टर-संघटनेस वर्षाला ३५० डॉलरला देऊं केला. दिवसाला एका डॉलरहून कमी! आफ्रिकेंतील मिशन इस्पितळांत ज्या सिस्टरांस तोंवर केवळ हात धरून बसतां येत होतें त्यांच्या हातांत पुढें गोळ्या आल्या. जागतिक व्यापाराच्या करारामुळें २००५ पासून द्रव्यावरील मक्ता आपल्या देशांत पुन्हां सुरू झाला, हें येथें सांगितलें पाहिजे. तथापि सरकारास किंमती बांधून देण्याचा अधिकार राहिला आहे. हृदयाच्या रक्तवाहिनींत बसविण्याच्या औषधलेपी नळीची किंमत लाखाच्या घरांत जात असे, ती २०१७ च्या फेब्रुवारींत २९,६०० रुपयांवर बांधण्यांत आली.

आतां आम्ही ज्या कलमाकडे येतों तें कोरडें आहे, पण वाचकांनीं पान उलटूं नये. आपल्या राज्यांतील बरींच मोठीं खाजगी इस्पितळें धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेलीं आहेत. कोणास सरकारी जमीन नाममात्र भाड्यानें मिळाली, कोणास करांत सूट मिळाली. त्या सवलतींच्या बदल्यांत सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यांतील कलम ४१ एए अन्वयें शंभरांतल्या दहा खाटा निर्धन रोग्यांस फुकट आणि आणखी दहा दुर्बल घटकांतील रोग्यांस सवलतीनें ठेवणें त्यांस भाग आहे. कलम कागदावर होतें. खाटा मात्र दिसत नव्हत्या. अखेर एक जनहित याचिका दाखल झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयानें घालून दिलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. इस्पितळानें इतर रोग्यांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निराळ्या 'निर्धन रुग्ण निधींत' टाकावी. प्राणावर बेतलेला रोगी आला तर अनामत रक्कम न मागतां त्यास प्रथम आंत घ्यावें. मिळकतीचा पुरावा म्हणून तहशिलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी. आरंभीं वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत मिळकत असलेला निर्धन आणि ५०,००० पर्यंतचा दुर्बल घटकांतला, अशी मर्यादा होती. ती पुढें वेळोवेळीं वाढविण्यांत आली आहे. ज्या कॅथलिक इस्पितळांचे न्यास ह्या कायद्याखालीं सवलती घेतात त्यांसहि हाच नियम आहे, आणि त्याबद्दल कोणास वाईट वाटण्याचें कारण नाहीं. राणी लिओनोर आज असती तर तिला दहा टक्के थोडे वाटले असते.

ह्या योजनेला पांच वर्षें होऊन गेल्यावर, २०११ सालीं, आमच्या धर्मग्रामांतील एक गृहस्थ वाडींत काम करतां करतां कोसळले. डोक्यांत रक्तस्राव झाला होता. त्यांना मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळांत नेण्यांत आलें. तें धर्मादाय न्यासाचें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. दारांतच अनामत मागण्यांत आली. पत्नीनें गळ्यांतलें आणि मुलीच्या लग्नासाठीं ठेवलेलें सोनें त्याच रात्रीं गहाण टाकलें. बावीस दिवस ते होते. औषधांची चिठ्ठी दिवसांतून दोनदां येई, आणि मुलगा ती घेऊन खालीं दुकानांत जाई. केळीची व पानवेलीची जी थोडी वाडी होती तिचा अर्धा भाग विकला गेला. तेविसाव्या दिवशीं ते गेले, आणि बिल चुकतें होईपर्यंत देह मिळण्यास संध्याकाळ झाली. त्या कुटुंबाची वर्षाची मिळकत चाळीस हजारांच्या आंत होती. नियमांचा फलक त्या इस्पितळांत होता. मुलानें तो पाहिला होता. तो पिण्याच्या पाण्याच्या यंत्रामागें लावलेला होता, आणि त्यावरील 'निर्धन' हा शब्द वाचून, हें आपल्यासाठीं नव्हे, असें समजून तो पुढें गेला होता.

कांहीं महिन्यांनीं एका इस्पितळांत समाजसेवेचें काम करणाऱ्या सिस्टर सुट्टींत गांवीं आल्या असतां त्या घरीं भेटावयास गेल्या. सगळी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हीं विचारलें असतें तर निम्म्याहून अधिक खर्च वांचला असता." ती बाई म्हणाली, "सिस्टर, विचारायचें असतें हें तरी कोणीं सांगितलें? आणि आम्ही कांहीं भिकारी नव्हतों." सिस्टरांनीं ह्यावर उत्तर दिलें नाहीं असें आम्हीं ऐकलें आहे.

लाजरा गरीब तो हाच. कायदा त्याला निर्धन म्हणतो, आणि तो स्वतःला निर्धन समजत नाहीं. सोळाव्या शतकांतला बंधु रात्रीच्या वेळीं त्याच्या दारीं जात असे. एकविसाव्या शतकांत फलक लावला कीं काम झालें असें समजलें जातें. ह्याचा दोष केवळ इस्पितळांवर टाकून मोकळें होणें आम्हांस जमत नाहीं. ते बावीस दिवस आम्ही सर्वजण त्या घरीं प्रार्थनेस जात होतों. बिलाविषयीं एकानेंहि विचारलें नाहीं, कारण दुसऱ्याच्या पैशाविषयीं विचारणें आमच्याकडे असभ्य समजतात.

त्यानंतर पुष्कळ बदललें आहे, तें थोडक्यांत सांगतों. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्यें ती सबंध राज्यास लागू झाली, आणि २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. आरंभीं कुटुंबामागें वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार फुकट होता. केंद्राची आयुष्मान योजना २०१८ सालीं आली व दोन्हींची सांगड घालण्यांत आली. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा पांच लाखांची झाली, आणि कोणत्याहि रंगाची शिधापत्रिका असलेलें कुटुंब तींत बसूं लागलें. निर्धन असल्याचा शिक्का आतां लागत नाहीं, ही आमच्या मतें पांच लाखांहून मोठी गोष्ट आहे. योजनेंतल्या प्रत्येक इस्पितळांत कागदपत्रें पाहून वाट दाखविणारा एक माणूस बसतो. त्यास 'आरोग्यमित्र' म्हणतात. नांव चांगलें ठेवलें आहे.

ह्या योजनेचें छत्र मुख्यतः इस्पितळांत दाखल होऊन घेतलेल्या उपचारावर आहे. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉईडची जी गोळी जन्मभर रोज घ्यावयाची तिचा भार घरावरच राहतो; आणि मोठें बिल एकदां येऊन जातें, पण ही गोळी महिन्याच्या महिन्याला येते. त्यासाठीं २००८ सालीं अमृतसरपासून सुरू झालेलीं जनऔषधि दुकानें आहेत. औषधाचें द्रव्य तेंच, वेष्टणावर कंपनीचें ठेवलेलें नांव नाहीं, आणि किंमत बाजारभावाच्या निम्म्यानें किंवा त्याहूनहि कमी. आमच्यांतील कित्येकांची समजूत अशी कीं स्वस्त गोळी कच्ची असते. डॉक्टरांस द्रव्याचें नांव लिहून देण्याची विनंति करावी आणि शंका त्यांनाच विचारावी; नुसत्या संशयावरून महिन्याचे हजार रुपये अधिक भरूं नयेत. आणि ज्यास तेंहि परवडत नाहीं त्याच्यासाठीं सरकारी दवाखान्याची खिडकी, मुख्यमंत्री सहाय्यता निधि, टाटांच्या व इतर न्यासांचे अर्ज, आणि सरतेशेवटीं आपली गुप्त पिशवी, हीं दारें आहेत.

ज्या बाईंची हकीकत वर दिली त्यांच्या संमतीनेंच ती दिली आहे. नांव देऊं नये एवढीच त्यांची अट होती. त्या आतां दर रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर देवळाच्या मागल्या ओसरीवर एक कापडी पिशवी घेऊन बसतात. पिशवींत शिधापत्रिकेच्या नकला कशा काढाव्या ह्याचा नमुना, तहशिलदाराच्या कचेरींत द्यावयाच्या अर्जाचे कोरे कागद, समाजसेवेच्या खोल्या कोणत्या इस्पितळांत कोणत्या मजल्यावर आहेत ह्याची हातानें लिहिलेली यादी आणि एक पेन असतें. मुलगा रजा काढून लोकांबरोबर इस्पितळांत जातो व प्रथम पाण्याच्या यंत्रामागें पाहतो. गेल्या रविवारीं तिघेजण आले होते. त्यांतले एक वयस्क गृहस्थ, बाकीचे दोघे जाईपर्यंत, ग्रोटोपाशीं मेणबत्त्या नीट लावीत उभे होते.